दोन टर्म बास? आधी एक टर्म वेळेवर द्या!

"नगरसेवकाला दोनच टर्म द्या, तिसऱ्यांदा उभंच राहू देऊ नका. हवं तर लोकांचं मतदान घ्या त्यावर!" सातारा काय नि सांगली काय, पालिकेची निवडणूक आली की कुठल्या तरी कट्ट्यावर हे ऐकू येतंच. टाळ्याही मिळतात. माझा या मागणीला ठाम विरोध आहे. का ते सांगतो.

आधी मतदानाचं बघू. वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यावर आपल्याकडे मतदान होऊ शकतं. २००८ च्या नियमातली तीच ती उभी बाटली, आडवी बाटली. पण नगरसेवकाने किती वर्षं बसावं, यावर मतदान घ्यायची सोयच नाही. न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथे लोकांनी १९९३ ला मतदान करून दोन टर्मची मर्यादा घातली आणि १९९६ ला ती वाढवायला नकार दिला. मग २००८ मध्ये तिथल्या नगरसेवकांनीच २९ विरुद्ध २२ मतांनी ती तीन टर्म करून घेतली! २०१० मध्ये लोकांना परत मतदान करून ती दोनवर आणावी लागली. म्हणजे कायदा झाला तरी राखण करायला माणसं लागतातच.

आता आपलं बघा. ही मर्यादा माणसाला लागते, घराला नाही. वॉर्डाचं आरक्षण बदललं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. साहेबांच्या जागी वहिनी उभ्या, नाहीतर सूनबाई. फोन मात्र साहेबच उचलतात. फिलिपीन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेने स्थानिक पदांना सलग तीन टर्मची मर्यादा घातली. तिथेही बायको, मुलगा, भाऊ आळीपाळीने खुर्चीवर. सहकारी बँकांच्या संचालकांना २०२० मध्ये सलग आठ वर्षांची मर्यादा आली, २०२५ मध्ये ती दहा झाली. आपल्या भागात बँकांना तोटा नाही. आपापल्या बँकेतली आडनावं बदलली का, एवढं जरा तपासून बघा.

शिवाय आपल्याकडे सत्ता नगरसेवकाच्या खुर्चीत असतेच कुठे? साताऱ्यात कितीतरी वर्षं सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी या दोन नावांवर निवडणुका झाल्या. एकीचे नेते उदयनराजे, दुसरीचे शिवेंद्रसिंहराजे. एक खासदार, एक आमदार. नगरसेवकाला मर्यादा घालून या दोघांना काय फरक पडणार? पडलाच तर फायदा. दर खेपेला नवखा, सांगेल तिथे सही करणारा माणूस.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. "जुने नगरसेवक घालवा" हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय की! सगळेच घालवले होते. सातारा पालिकेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात प्रशासक. त्यातही शाहूपुरी, शाहूनगरवाल्यांची गंमत बघा. २०२० च्या हद्दवाढीत ते शहरात आले, आणि स्वतःचा नगरसेवक निवडायला मिळाला तो पाच वर्षांनी. घरपट्टीला मात्र अशी वाट बघावी लागत नाही!

झालं का शहर स्वच्छ? ठेकेदार गेले? कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सूर्यवंशी प्लॉटातला माणूस रात्री दोनला आयुक्तांना फोन करू शकतो का? नगरसेवक कितीही नालायक असो, त्याच्या दारात जाऊन शिव्या तरी घालता येतात. पाच वर्षांनी तो आपल्या दारात येतोच. प्रशासकाला कुणाच्या दारात यायचं नसतं.

खरी मर्यादा राज्यघटनेत आधीच लिहिलेली आहे. कलम २४३-यू म्हणतं, पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण करा. ती मोडली आरक्षणाच्या खटल्यांत आणि सरकार बदललं की बदलणाऱ्या प्रभागरचनेत. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आता निवडणुका घ्या. आमच्या धंद्यात याला म्हणतात टाइमआउट लिहिला, पण तो झाल्यावर काय करायचं ते लिहिलंच नाही. मग प्रोग्राम लटकतो. इथे शहरं लटकली.

तेव्हा मर्यादा घालायचीच तर प्रशासकाला घाला. सहा महिने, बास. तेवढ्यात निवडणूक झाली नाही, तर जुन्या प्रभागरचनेवर, जुन्या आरक्षणावर ती आपोआप जाहीर व्हावी. यासाठी कायदा करा म्हणून आपल्या आमदाराला आत्ताच धरा, २०३० उजाडायची वाट बघू नका. नगरसेवकाला तिसऱ्यांदा पाडायचं काम आपलं आहे. ते आपण करू. फक्त मतपेटी वेळेवर आणून ठेवा.