‘कन्या’ हा परिचय नव्हे

१/ अंबिका धुरंधर यांच्याविषयी चार ओळी शोधा. बहुधा पहिल्याच ओळीत त्यांचे वडील भेटतील. ‘रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्या कन्या.’ हा धागा त्या पहिल्या ओळीविरुद्ध आहे.

२/ अंबिकाबाईंचा जन्म १९१२ चा. १९३१ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवली. ती मिळवणाऱ्या आरंभीच्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथनही त्यांनी लिहिले. २००९ मध्ये त्या निवर्तल्या.

३/ आक्षेप ठरलेला असतो : “वडील चित्रकार नसते, तर त्या चित्रकार झाल्या असत्या का?” कदाचित नसत्या. पण हा दोष कोणाचा? ज्या वाड्याला स्त्रीसाठी एकच दार होते, त्या वाड्याला जाब विचारायचा, की त्या दारातून आत आलेल्या बाईला?

४/ पॅरिसमध्ये तरी वेगळे काय होते? एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं हिचे वडीलही चित्रकार. ती अवघी १२ वर्षांची असताना ते वारले. विशीच्या आतच ती व्यक्तिचित्रे रंगवून घराला हातभार लावू लागली. पुढे राणी मारी आंत्वानेतची चित्रकार झाली. १७८३ मध्ये तिला राजकीय कला अकादमीत प्रवेश मिळाला, तेव्हा तिथे स्त्रियांसाठी जागा होत्या फक्त चार! पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने तर मुलींना १८९७ पर्यंत दार उघडले नाही.

५/ अंबिकाबाईंच्याच पिढीतल्या अँजेला त्रिंदाद पाहा. जन्म १९०९, शिक्षण जे. जे. मध्येच, वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे नामवंत चित्रकार. उत्तरायुष्यात त्रिकोणी आकारांतून अँजेलांनी स्वतःची अमूर्त शैली घडवली. ती वडिलांच्या वास्तवदर्शी चित्रणापासून कोसभर दूर होती. तरी परिचय तोच : ‘कन्या’.

६/ आता पुरुषांकडे वळा. राफाएलचे वडील चित्रकार होते, पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक. त्यांचा परिचय कोणी ‘अमक्याचे चिरंजीव’ असा सुरू करतो काय? मुलाच्या बाबतीत जो तपशील ठरतो, तोच मुलीच्या बाबतीत ओळख कसा ठरतो?

७/ पित्याचे ऋण पुसा, असे माझे म्हणणे नाही. त्याची जागा दुसऱ्या ओळीत आहे, इतकेच. आमच्या ओव्यात आज जी मुलगी चित्रकलेच्या वहीवर वाकलेली असेल, तिचे वडील बहुधा चित्रकार नसतील. ‘कन्या’ या शब्दापासून सुरू होणारा इतिहास तिला एवढेच शिकवील की हे दार तिच्यासाठी नाही. म्हणून पहिली ओळ बदला : अंबिका धुरंधर, चित्रकार.