ईसीएम गेला, आता पुढे काय?

भरलेला ट्रक घाटात अचानक पिकअप सोडतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा चालायला लागतो. आठवडाभरात हे तीन-चार वेळा झालं की गॅरेजमध्ये निकाल लागतो: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, गेला. मग मालकापुढे वाटा उरतात तीन. कंपनीकडून नवा घ्यायचा, आहे तोच कारागिराकडून दुरुस्त करायचा, किंवा भंगार बाजारातून त्याच नंबरचा जुना आणून बसवायचा. तिन्हींच्या खर्चात मोठं अंतर आहे, आणि हा निर्णय गाडी उभी असताना, हप्ता डोक्यावर असताना घ्यावा लागतो.

हा प्रश्न आता थोडक्यांचा राहिलेला नाही. २०१७च्या एप्रिलपासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं देशभर लागू झाली. कोणत्या क्षणी, कोणत्या इंजेक्टरमधून, किती डिझेल सोडायचं हे आज जवळपास प्रत्येक नव्या ट्रकात हाच खोका ठरवतो. बीएस-६ गाडीत सायलेन्सरमधली युरियाची फवारणी आणि काजळीच्या फिल्टरची सफाईही इंजिनाच्या संगणकीय यंत्रणेवरच अवलंबून आहे. ही वाहनं जसजशी वॉरंटीबाहेर पडतील, तसतसा हा पेच वाढत जाणार.

पण बदलायचं की नाही याआधी, खरंच बिघडलाय का, हे पाहायला हवं. ईसीएम अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा करतो. एका सेन्सरची वायर घासून चासीला टेकली, तर तो पुरवठाच कोसळतो आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच सेन्सरचे कोड दिसतात. सगळंच बिघडलं म्हणजे डोकंच गेलं, असा समज तिथे होतो. प्रत्यक्षात एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलं, की ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतात तिथे दोष सापडतो. तसंच अर्थिंगचं. चासीवरच्या बोल्टखाली गंज साचला, की स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कपलर उघडून पाहिला तर पिनवर हिरवट थर दिसतो. पाणी शिरल्याची ती खूण. बॅटरी, फ्यूज, रिले, अर्थिंग, वायरिंग ही तपासणी न करता नवा ईसीएम बसवला, तर पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. कधी तोच दोष नव्या खोक्याचाही बळी घेतो.

तपासणीनंतरही दोष ईसीएमचाच निघाला, तर कंपनीची बाजू आधी ऐकू. नवा खोका बसवून भागत नाही. त्यात गाडीचा चासी नंबर, इंजिनाची क्षमता, प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र कोड भरावा लागतो. काही गाड्यांत फिल्टरमध्ये साचलेल्या काजळीचा हिशेबही जुन्यातून नव्यात न्यावा लागतो. तो नेला नाही तर भरलेला फिल्टर रिकामा समजला जातो. हे काम अधिकृत सॉफ्टवेअरने, जबाबदारी घेणाऱ्या माणसाकडून झालेलं बरं, यात शंका नाही.

कंपनीचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जड डिझेल वाहनांना बीएस-४मध्ये प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. बीएस-६च्या बदलत्या भाराच्या चाचणीत ती ०.४६वर आली. ही घट मुख्यतः युरियाच्या यंत्रणेने साधली जाते, आणि ती यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून बंद पाडता येते. युरियाचा खर्च वाचतो म्हणून असे फेरफार करून देणारे आहेत. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे अशी गाडी पीयूसीत सहज पास होऊ शकते. तो वायू मग महामार्गालगतच्या वस्त्यांतली माणसं श्वासात घेतात. कंपन्यांनी ईसीएमच्या सॉफ्टवेअरला कुलूप लावण्यामागे हे कारण आहे, आणि ते खरं आहे.

आता मालकाची बाजू. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्याला सर्व्हिस सेंटरचा रस्ता लांबचा असतो, पार्ट मागवून यायला वेळ लागतो आणि तोवर भाडं बुडतं. कुशल कारागीर बोर्ड उघडून जळलेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बदलतो, तडा गेलेला टाका पुन्हा मारतो. जुना डेटा जागेवर राहिल्याने कोड नव्याने भरावे लागत नाहीत. ही विद्या आपल्याकडे आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. तिला मर्यादाही आहेत. सिरॅमिकच्या पट्टीवर केसासारख्या तारांनी जोडलेले बोर्ड सहसा दुरुस्त होत नाहीत, आणि उघडलेलं झाकण पुन्हा जलरोधक बसलं नाही तर पहिल्या पावसात दुखणं परत येतं. भंगारातला खोका सर्वांत स्वस्त, पण तो कोणत्या कारणाने भंगारात आला हे कुणी सांगत नाही. शिवाय मूळ ईसीएममधला डेटा वाचता आला तरच तो नीट चालण्याची आशा.

मालकाच्या तक्रारीला आधारही आहे. कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवायला समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्रही आलं. दिशा ठरली, पण सक्ती अजून आलेली नाही.

दोन्ही बाजू तोलल्या तर आमचं मत असं: दुरुस्ती कोणी केली यापेक्षा आत कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे, हे तपासायला हवं. तशी सोय यंत्रणेतच आहे. बीएस-६ ईसीएम स्वतःच्या सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक आणि पडताळणी क्रमांक स्कॅनरला देतो. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावंच लागतं. त्या वेळी हे क्रमांक कंपनीच्या मूळ क्रमांकांशी ताडून पाहायचे, युरियाची यंत्रणा चालू आहे का ते पाहायचं. फेरफार सापडला तर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई करायची. मुरलेला लबाड पडताळणी क्रमांकही खोटा दाखवू शकेल, म्हणून रस्त्यावर अधूनमधून प्रत्यक्ष उत्सर्जन मोजण्याची जोड हवी. पण आज जिथे काहीच पाहिलं जात नाही, तिथे एवढ्यानेही मोठा फरक पडेल.

त्या बदल्यात कंपन्यांनी मूळ सॉफ्टवेअर आणि ते भरण्याचं साधन, वाजवी शुल्क घेऊन, नोंदणीकृत स्वतंत्र गॅरेजांना द्यावं. प्रदूषणाशी संबंधित भाग कुलूपबंद राहू द्या. चासी नंबर आणि इंजेक्टरचे कोड भरायला मात्र मालकाला दूरच्या सर्व्हिस सेंटरवर अवलंबून ठेवू नये.

हे होईपर्यंत मालकाने काय करावं? आधी वायरिंगची तपासणी लेखी मागावी. वॉरंटीतली किंवा बीएस-६ गाडी अधिकृत केंद्रातच न्यावी. वॉरंटी संपलेल्या बीएस-४ गाडीचा ईसीएम हमी देणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यायला हरकत नाही. चासीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढायला लावावेत. आणि 'युरिया बंद करून देतो' म्हणणाऱ्याला दुरुस्तीचं काम देऊच नये. दुरुस्तीचा हक्क आपण मागतो तो गाडी नीट चालावी म्हणून. ज्याने तो हक्क हवा बिघडवायला वापरला, त्याने प्रामाणिक कारागिराच्या हक्काचीही बाजू दुबळी केली.