केळशीची वाळू

कोंकणांत सुटी घालवावयाची म्हणजे गणपतीपुळें, हर्णें किंवा फार तर दिवेआगर, असें आमच्या मुंबईकर कुटुंबांत आतां ठरूनच गेलें आहे. तेथें सोय आहे, हें खरें. पण सोयीच्या मागोमाग तेथील गांवपण हळूहळू उठून चाललें आहे, हेंही तितकेंच खरें. ज्यांस आपल्या मुलांना समुद्रकांठचें जुनें गांव दाखवावयाचें असेल, त्यांनीं यंदा दापोली तालुक्यांतील केळशीस जाऊन यावें. समुद्र, देऊळ आणि नारळी-पोफळीच्या वाड्या कोंकणांत अन्यत्रही आहेत. अन्यत्र सहसा न आढळणारी गोष्ट म्हणजे भारजा नदीच्या खाडीमुखाशीं उभी असलेली वाळूची टेकडी.

गोवंडीकरांनीं हार्बरच्या गाडीनें पनवेल गांठावें आणि पुढें एस. टी. किंवा मोटार करावी. महामार्गानें माणगांव मागें टाकलें कीं लोणेऱ्यावरून गोरेगांवची वाट धरावी. हें गोरेगांव रायगड जिल्ह्यांतलें. आपल्या उपनगराशीं त्याचें नातें नांवापुरतेंच. आंबेतजवळ सावित्री ओलांडून मंडणगडमार्गें केळशीस जातां येतें. आंबेतचा पूल मध्यंतरीं दुरुस्तीसाठीं बंद होता, तेव्हां निघण्यापूर्वीं चौकशी केलेली बरी.

गांवांतील पाखाड्या अरुंद आहेत. दोन्ही अंगांस जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे आणि वर वाकलेल्या पोफळी. भर दुपारीं चाललें तरी ऊन लागत नाहीं. महालक्ष्मीचें देऊळ पाहावेंच, आणि बखरींत ज्यांचा आदरानें उल्लेख येतो त्या बाबा याकूत यांचा दर्गाही चुकवूं नये. मात्र कित्येक घरांच्या दारांस कुलूप दिसेल. गणपतींत आणि देवीच्या चैत्री उत्सवांत तीं दारें उघडतात. एरवीं पडवींत एखादें वृद्ध जोडपें आणि आंत काळोखें माजघर. आम्ही उतरलों होतों त्या घरच्या आजोबांस टेकडीविषयीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “ती होय! लहानपणीं पोफळीच्या विरीवर बसून आम्ही तिच्यावरून घसरत असूं. तिला कोणी पाहावयास येईल असें तेव्हां वाटलें नव्हतें.”

टेकडीची उंची सुमारें 18 मीटर, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढी आहे. दुरून ती केवळ वाळूचा ढीग वाटते. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनीं तिचा अभ्यास केला, तेव्हां वाळूच्या थरांत खापरें, हाडें, कोळसा आणि बहामनी सुलतान अहमदशहा याच्या काळचीं नाणीं सांपडलीं. हा अहमदशहा 1422 ते 1436 पर्यंत गादीवर होता. अर्थात् तीं नाणीं ज्या थरांत पडलीं तो थर त्याच्या आधींचा असूं शकत नाहीं. मग माणसांची वस्ती वाळूखालीं गेली कशी? मराठे यांचें म्हणणें असें कीं, सोळाव्या शतकाच्या आरंभीं समुद्राची एक प्रचंड लाट किनाऱ्यावर चढली. याला जुळणारी एक नोंद पोर्तुगीज इतिहासकारांनीं करून ठेविली आहे. 1524 च्या सप्टेंबरांत वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन येत असतां, दाभोळच्या आसपास त्याचीं जहाजें वारा नसतांना एकाएकीं हादरूं लागलीं. खलाशी घाबरले, आणि गामानें मात्र समुद्रच आपल्या भयानें कांपतो आहे असें सांगून त्यांस धीर दिला! दाभोळ हें केळशीहून दक्षिणेस, याच तालुक्यांत आहे. भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनींही 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत या लाटेचा पाठपुरावा केला आहे. तथापि टेकडीचा किती भाग लाटेनें आणला आणि किती वाऱ्यानें रचला, हा वाद अजून मिटलेला नाहीं. आम्हांस तर वाद उघडा असल्यामुळेंच ती टेकडी अधिक पाहण्यासारखी वाटते.

गोवंडीच्या मनुष्यास येथें एक विचार टाळतां येत नाहीं. आपल्या शेजारीं देवनारलाही एक टेकडी आहे. 1927 पासून मुंबई तेथें आपला केरकचरा रचीत आली आहे. पांचशें वर्षांनीं कोणी ती खणली, तर आपल्या पिढीचें खापर कोणतें निघेल, हें सांगावयास विद्वान् नकोत.

वाऱ्यानें येणारी वाळू धरून ठेवण्याचें काम मर्यादवेल करिते. आपट्यासारखें दुभंगलेलें पान, जांभळें फूल, आणि वाळूंत दूरवर पसरलेल्या मुळ्या. ही वेल तुडविली कीं वाळू मोकळी होते आणि वारा ती घेऊन जातो. ब्राझील देशांत जेरिकोआकोआरा नांवाचें असेंच एक कोळ्यांचें गांव आहे. तेथील रस्तेदेखील वाळूचेच. सूर्यास्त पाहावयास जगभरचे लोक तेथील टेकडीवर चढत. 2002 सालीं भोंवतालीं राष्ट्रीय उद्यान झालें, तरीही ती टेकडी गेल्या कांहीं वर्षांत खचत समुद्रांत उतरली. केळशीच्या टेकडीस दुसरेंच दुखणें लागलें. सागरी महामार्गावरील पुलाच्या कामापायीं तिचा एक भाग कापला गेला. कापल्यामुळें थर उघडे पडले आणि अभ्यासकांचें काम सोपें झालें, हा दैवाचा विनोद! आज किनारा नियमनाच्या 2011 व 2019 च्या अधिसूचनांनीं वाळूच्या टेकड्यांस सर्वांत नाजूक वर्गांत घातलें आहे. कागदावर हें उत्तम आहे. पण चार चाकांची गाडी पुळणीवर घालून फेऱ्या मारणाऱ्या तरुणांनीं तो कागद वाचलेला दिसत नाहीं.

मग पाहुण्यांनीं जाऊंच नये काय? असें आम्ही म्हणणार नाहीं. 3 जून 1920 नव्हे, अगदीं अलीकडे 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ वादळानें या पट्टींतील माड आणि पोफळी आडव्या केल्या. नवा माड फळास यावयास सहा-सात वर्षें लागतात. तोंवर घर चालावयाचें तें कित्येकांचें पाहुण्यांच्या दोन जेवणांवर. तेव्हां मोठ्या हॉटेलाऐवजीं गांवांतल्या घरींच उतरावें, आणि आमटीऐवजीं कुळथाचें पिठलें व सोलकढी आली तर मुलांनीं नाक मुरडूं नये. टेकडीवर जावयाचें तें पायवाटेनें, आणि कापलेल्या कड्याखालीं मुलांस मुळींच बसवूं नये. वाळू सांगून सुटत नाहीं.

फाल्गुनांत गेलांत तर उत्तरेस मंडणगड तालुक्यांतील वेळासही करावें. नाना फडणविसांचें हें मूळ गांव. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ संस्थेनें 2002 पासून तेथें समुद्रकांसवांचीं अंडीं जपण्याचें काम चालविलें. कांसवीण वाळूंत खड्डा करून अंडीं पुरते आणि परत वळून पाहत नाहीं. सुमारें पन्नास-साठ दिवसांनीं पिलें आपणच वर येतात. तीं सकाळ-सायंकाळ समुद्राकडे सोडतात. परंतु ज्या दिवशीं पिलें वर येत नाहींत त्या दिवशीं पाहावयास कांहींच नसतें, म्हणून हातांत एक रात्र अधिक ठेवून जावें.