मुंगूस इंग्रजीत गेले, घूसही गेली



धानाची रोवणी आटोपली आणि श्रावणाची झड लागली, की संध्याकाळी घरातच बसावे लागते. अशा वेळी मुलाने इंग्रजीचे पुस्तक उघडले, की आपण उठून ओसरीवर जातो. "आम्हाला त्यातले काय समजते!" असे म्हणून मोकळे होतो. मुलालाही मग वाटते, ही भाषा आपल्या घरची नव्हेच. पुढे दहावीला नेमका तोच विषय अडतो. म्हणून आज असे काही इंग्रजी शब्द सांगतो, की त्यांचा अर्थ गुरुजींच्या आधी तुम्हीच सांगाल.

स्क्रॅबल नावाचा शब्द जुळविण्याचा एक खेळ आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पीने मंदीत काम सुटल्यावर, १९३० नंतरच्या दशकात तो रचला. हाती सात अक्षरे असतात, त्यांतून शब्द करायचा. गावांची व माणसांची नावे चालत नाहीत. शब्द कोशात असला पाहिजे. म्हणून हे खेळाडू सदैव अनवट शब्द शोधत असतात, आणि त्यांच्या संग्रहात आपल्या रानाशिवारातले शब्द पुष्कळ आहेत.

'मंगूस' हा इंग्रजी शब्द सरळ आपल्या मराठी मुंगसावरून गेला. तेथे एक फसगत आहे. 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचे अनेकवचन 'गीस'. पण मुंगसाचे 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' असेच होते.

'बँडिकूट' म्हणजे बांधीची पाळ पोखरणारी आपली घूस. तेलुगूत पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर. सिरोंचाकडील वाचकांना हे सांगायलाही नको. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका निराळ्याच प्राण्याला इंग्रजांनी हेच नाव दिले.

'टीक' म्हणजे सागवान. मलयाळममधील 'तेक्कु' पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत पोचला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून लाकूड गेले, ते हेच. 'लॅक' म्हणजे पळस-कुसुमावरची लाख. इंग्रजीत अवघी तीन अक्षरे. 'बंड' म्हणजे बांध. चीनमधील शांघाय शहराच्या नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्यालाही इंग्रजांनी हेच नाव दिले. 'गौर' म्हणजे ताडोब्यातला रानगवा. जी, ए, यू, आर, एवढी चारच अक्षरे.

आणि 'जंगल'! संस्कृतात जांगल म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा कोरडा मुलूख. इंग्रजीत त्याचा अर्थ दाट अरण्य असा झाला. शब्दही माणसासारखे परमुलखात गेले, की बदलतात.

हा खेळ घरी करण्यास खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे शंभर चौकोन कापा आणि प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर लिहा. मूळ खेळात 'ई' १२, 'ए' व 'आय' प्रत्येकी ९ आणि 'ओ' ८ असतात. बाकीची अक्षरे कमी. क्यू आणि झेड एकेकच असतात, आणि त्यांना प्रत्येकी दहा गुण मिळतात. हातातील सातही अक्षरे एका खेपेत लावली, तर पन्नास गुण जादा.

मुलाने शब्द जुळवावा आणि तुम्ही अर्थ सांगावा. घूस पाळीत कोठे बीळ करते, लाख कोणत्या झाडावर चांगली धरते, हे पुस्तकात सापडणार नाही. ते तुमच्याजवळ आहे. घरात गोंडी किंवा माडिया बोलत असाल, तर त्या वस्तूचे त्या भाषेतले नावही मुलाला विचारा. ते कोशात नसेल. वहीत तरी उतरवून ठेवा. मुंगसाला तरी कोशात जागा कोणी दिली? ज्याने तो शब्द आपल्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि लिहून घेतला, त्यानेच ना!

तेव्हा उद्या संध्याकाळी पुस्तक उघडले, की ओसरीवर जाऊ नका. मुलाजवळ बसा.