अंगालगतचा कपडा

पाणबुड्याच्या पोशाखाविषयी बेळगावच्या कॉलेज मासिकात लिहावे, हे काहींना विनोदी वाटेल. आपल्या गावाला समुद्र नाही, आणि गोव्याच्या समुद्राला थंडी नाही. तरीही लिहितो, कारण ज्या चुकीने मी एकदा माझ्या जोडीदाराला संकटात टाकले, ती चूक पाण्याबाहेरही आपण सर्रास करतो, असे माझे मत आहे.

२००९ साली मी शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये होतो. तेथे लॉख फाइन नावाची समुद्राची लांबलचक खाडी आहे. मार्चमध्ये तिचे पाणी ७ अंशांच्या आसपास असते. अशा पाण्यात ‘ड्रायसूट’ घालून उतरतात. मान आणि मनगटे रबरी पट्ट्यांनी आवळलेली. पाणी आत शिरत नाही. मी भाड्याने उत्तम सूट घेतला, आत घालायचा जाड अंगरखाही घेतला. पण सर्वांत आत, अंगाला लागून, घरून नेलेले सुती बनियन व सुती पायजमा! अंगालगत सुतीच असावे, ते घाम टिपते, हे आईचे म्हणणे लहानपणापासून कानांवर होते.

सूत घाम टिपते हे खरेच, आणि तेच नडले. टाकी, शिशाची वजने असा बोजा घेऊन किनाऱ्यावर उभा होतो, तेवढ्यात घामाने भिजलो. सूट पाणी आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. पंधरा मीटर खोलीवर ते बनियन म्हणजे पाठीला चिकटलेले ओले फडके झाले. खाली जाताना पाण्याच्या दाबाने सूट अंगाला आवळतो, म्हणून छातीवरचा खटका दाबून आत हवा घ्यावी लागते. माझा बधिर अंगठा तो खटका दाबीना. जोडीदाराने माझ्याकडे पाहिले आणि स्वतःचा अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा असतो. त्याची सारी सुट्टी त्या दिवसासाठी होती. ती माझ्या बनियनपायी वाया गेली. तो मला एक शब्दही बोलला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

नंतर समजून घेतले ते असे. पातळ कापडी ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. ऊब देते ती आतल्या कपड्यांच्या धाग्यांत अडकलेली हवा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेले सूत चपटे होते, हवेची जागा पाणी घेते आणि ऊब संपते. लोकरीच्या धाग्याला मुळात कुरळेपणा असतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही ती फारशी ओली लागत नाही. पॉलिप्रॉपिलीन तर पाणी जवळजवळ शोषतच नाही, ओल बाहेरच्या थराकडे जाऊ देते. स्वस्तही आहे, पण त्याला घामाचा वास लवकर लागतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : अंगालगत मेरिनोची तलम लोकर, ती परवडत नसेल तर पॉलिप्रॉपिलीन, सूत मुळीच नको. हा थर पातळ आणि अंगाबरोबर असावा. जाडी त्यावरच्या थराला द्यावी, तीही बेताने. कारण हवा वाढली की बुडण्यासाठी शिसेही वाढवावे लागते. आणि थर एकमेकांत कोंबले, तर हवाच चेपली जाते.

कोणी म्हणेल, हे साहेबाचे शास्त्र. तसे नाही. खानापूरकडच्या पावसात घोंगडे पांघरून उभा राहणारा धनगर हे कधीपासून जाणतो. मराठीत कांबळे म्हणा, कन्नडमध्ये कंबळी म्हणा, गुण एकच. आपली दख्खनी लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी, म्हणून ती वरून पांघरायची, एवढाच फरक.

आईचेही चुकले नव्हते. आपल्या उन्हाळ्यात सूतच हवे. घाम वाळताना अंग गार होते. चूक माझी. एका हवेतला नियम मी दुसऱ्या हवेत न तपासता नेला. दरवर्षी आपली मुले हिमालयात पदभ्रमणाला जातात, तेव्हा वरच्या जाकिटासाठी दुकाने पालथी घालतात आणि आत तेच सुती बनियन, खाली जीनची पँट. निघण्यापूर्वी त्यांनी पिशवीतले आतले कपडे एकदा काढून पाहावेत, एवढीच विनंती.