जुन्या मोटारीची पारख

सोलापूरकडून येणाऱ्या लोहमार्गास होटगी येथें विजापूर-गदगचा फांटा फुटतो. तेथील एका वाड्यांत उभी असलेली उघड्या टपाची एम. जी. बी. मोटार घ्यावी, असें आमच्या पुतण्याच्या मनांत भरलें, व परीक्षेस आम्हांस नेलें. ही जात विलायतेंत 1962 सालीं निघाली व 1980 पर्यंत बनत होती. रंग आरशासारखा. कोरड्या हवेंत गंज कोठला, असें मालकाचें म्हणणें. परंतु कागदपत्रांवरून मोटारीचीं बहुतेक वर्षें मुंबईच्या समुद्रकांठीं गेलेलीं दिसत होतीं. आणि पुतण्या घरची ठेव मोडणार होता.

ह्या मोटारीस निराळी शासी नाहीं; पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. वर छप्पर नसल्यानें दारांखालील पोकळ पट्ट्यांवर मोठा ताण येतो. आंत पाणी मुरून त्या कुजतात. वर लांबी भरून रंग दिला कीं सारें झांकतें. आम्हीं मऊ फडक्यांत लोहचुंबक गुंडाळून पट्टीवरून फिरविला. मागील चाकाजवळ वीतभर जागेंत तो धरेना. मग जॅकनें एक बाजू उचलली, तों मघां सहज मिटणारें दार चौकटीस घासूं लागलें. (नुसत्या जॅकच्या आधारावर मोटारीखालीं कोणींही शिरूं नये.)

मालकानें किंमत निम्मी केली. परंतु पट्ट्या कापून नव्या सांधतांना सांगाड्यास नीट आधार नसेल, तर त्याचा वांक कायमचाच राहतो; आणि तसा कसबी कारागीर आमच्या माहितींत नव्हता.

पुतण्या दोन दिवस आमच्याशीं बोलला नाहीं. ठेव तशीच आहे.