तालीम आणि रणांगण

युद्धाचे आदेश जेथून सुटतात, त्या नियंत्रण कक्षाची परीक्षा प्रत्यक्ष युद्धात घेणे कोणत्याही राष्ट्राला परवडणारे नाही. अमेरिकेतील रँड संस्थेने १९५२ साली कॅलिफोर्नियात हवाई संरक्षण केंद्राची प्रतिकृती उभारली, ती याच जाणिवेतून. गणकयंत्राने छापलेली रडारची काल्पनिक चित्रे समोर ठेवून तेथे माणसांना कामास लावण्यात आले. विमानांची गर्दी वाढत गेली, तसतशी ती माणसे महत्त्वाचे कोणते आणि गौण कोणते हे ओळखावयास शिकली. यंत्राच्या साहाय्याने तपासला गेला तो माणसांचा परस्परांशी असलेला मेळ.

मात्र तालीम आणि रणांगण यांतील भिंत ढासळली तर काय होते, हे ९ नोव्हेंबर १९७९ रोजी दिसून आले. हल्ल्याच्या सरावासाठी तयार केलेली माहिती अमेरिकेच्या प्रत्यक्ष इशारा यंत्रणेत शिरली आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रे निघाल्याचे चित्र पडद्यांवर उमटले. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. उपग्रह व रडार केंद्रांकडील माहिती पडताळली, तेव्हा कोठेही काही नव्हते! पुढे चाचण्यांसाठी स्वतंत्र केंद्र उभारण्यात आले.

अशा सरावांत यंत्रांचा वाटा वाढत असताना हा धडा विसरता कामा नये. यंत्राने प्रश्नपत्रिका जरूर काढावी; उत्तराची जबाबदारी माणसानेच घ्यावयास हवी. शंका घेण्यास आणि खातरजमा करण्यास पुरेशी सवड ठेवणे, हीच अशा प्रत्येक तालमीची पहिली कसोटी ठरली पाहिजे.